पेशींची प्रारण-संवेदनशीलता आणि स्तनकर्करोग

क्ष-किरण किंवा गॅमा किरणांचा मारा झाल्यावर पेशीला किती इजा होते आणि ती कितपत भरून निघते, यावर पेशीची प्रारण-संवेदनशीलता ठरते. सर्वांत घातक इजा म्हणजे डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटणे. ही तूट ओळखणारी, विभाजन थोपवणारी व दुरुस्ती करणारी काही प्रथिने (एटीएम, चेक-२, बीआरसीए-१, बीआरसीए-२) जन्मतः सदोष असली, तर स्तनकर्करोगाचा धोका वाढतो.

हा संबंध प्रथम लक्षात आला तो अ‍ॅटॅक्सिया-तेलंजिएक्टेशिया या दुर्मीळ आनुवंशिक विकारामुळे. त्यात मुलांचा चालताना तोल जातो आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल वाहिन्यांचे जाळे दिसते. नेहमीच्या मात्रेतले किरणोपचारही या मुलांना झेपत नाहीत. त्यांच्या पेशीही तशाच हळव्या असल्याचे १९७५ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले. १९८७ मध्ये मायकेल स्विफ्ट यांनी अशा कुटुंबांतील, सदोष जनुकाची एकच प्रत बाळगणाऱ्या आणि एरवी निरोगी असलेल्या स्त्रियांत स्तनकर्करोग अधिक आढळत असल्याचे दाखवले. साध्या क्ष-किरण तपासणीनेही त्यांना धोका संभवतो, हे त्यांचे पुढचे मत मात्र वादग्रस्त ठरले. १९९५ मध्ये योसेफ शिलो यांच्या तेल अवीवमधील गटाने या विकारामागचे, ११व्या गुणसूत्रावरील एटीएम जनुक शोधले. त्याची एक प्रत सदोष असल्यास स्तनकर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट होतो.

मँचेस्टरच्या डेव्हिड स्कॉट यांनी १९९४ मध्ये वेगळी वाट धरली. रक्तातील लसिका पेशींना विभाजनाच्या थोडे आधी, म्हणजे जी-२ अवस्थेत, किरण देऊन त्यांनी गुणसूत्रांतील तुटी मोजल्या. सुमारे ४० टक्के स्तनकर्करुग्णांत त्या जास्त निघाल्या; निरोगी व्यक्तींत हे प्रमाण १० टक्क्यांहून कमी होते. एवढ्या रुग्णांचा उलगडा एटीएम किंवा बीआरसीएमधील दोषांनी होत नाही, म्हणून निष्कर्ष लक्षवेधी ठरला. पण निरोगी आणि रुग्ण यांची मोजमापे एकमेकांत मिसळतात, प्रयोगशाळेगणिक आकडेही बदलतात. एखाद्या स्त्रीचे भाकीत करायला ही चाचणी कामाची नाही.

अशी संवेदनशीलता असली म्हणजे कर्करोग किरणांमुळेच झाला, असे नव्हे. ती मुख्यतः दुरुस्तीतल्या उणिवेची खूण आहे, आणि डीएनए किरणांविनाही रोज तुटत असतो. उपचार ठरवताना मात्र नेमके जनुक पाहावे लागते: टीपी-५३ या पेशींची बेबंद वाढ रोखणाऱ्या जनुकात जन्मजात दोष असल्यास शक्यतो किरणोपचार टाळतात, बीआरसीएतील दोष किंवा एटीएमची एक सदोष प्रत हे सहसा ते नाकारण्याचे कारण मानले जात नाही.