एकट्याने खेळण्यासाठी को-ऑप गेम घ्यावा का?

को-ऑप गेम, म्हणजे अनेक खेळाडूंनी एकाच बाजूने मिळून खेळायचा गेम, घेऊ पाहणारे ग्राहक आम्हाला बहुधा एकच शंका विचारतात : सोबतीला कोणी नसेल, तर पैसे वाया जातील का? याचे उत्तर प्रत्येक गेमनुसार बदलते. खोक्यावरील '१ ते ४ खेळाडू' या मजकुरावरून गेम एकट्याने सुरू होतो एवढेच कळते. गैरहजर साथीदारांची कामे कोण करणार, हे कळत नाही, आणि खरेदीपूर्वी नेमके तेच पाहावे लागते.

'डीप रॉक गॅलॅक्टिक' (२०२०) या डॅनिश गेममध्ये चार बुटके खाणकामगार परग्रहावरील गुहांत उतरून खनिजे गोळा करतात. ड्रिलर बोगदा पाडतो, स्काउट उंचावर उजेड पाडतो, इंजिनिअर भिंतीवर पाय ठेवायला फलाट तयार करतो आणि गनर पलीकडे जाण्यासाठी दोर टाकतो. एकट्या खेळाडूला यांपैकी एकच भूमिका मिळते. परंतु त्याच्या मदतीला बॉस्को नावाचा उडता ड्रोन येतो, जो छताजवळचे खनिजही खणून देतो, उजेड धरतो, शत्रूंवर गोळ्या झाडतो आणि खेळाडू कोसळल्यास त्याला ठरावीक वेळा पुन्हा उभे करतो. शत्रूंची संख्याही खेळाडूंच्या संख्येनुसार कमी होते. दुसरा खेळाडू सामील झाला की बॉस्को निघून जातो, म्हणजे ही सोय खास एकट्यासाठीच केलेली आहे. घाई करणारे कोणी नसल्यामुळे गुहा निवांत पाहता येतात, हा आमच्या मते वेगळाच फायदा. हा गेम आम्ही एकट्या खेळाडूला निःशंकपणे सुचवतो.

चौघांनी मिळून झोंबींशी लढायच्या 'लेफ्ट ४ डेड २' (२००९) मध्ये संगणक उरलेले तीन साथीदार चालवतो. ते नेम चांगला धरतात, मात्र पाइप बॉम्बसारखी फेकण्याची अस्त्रे वापरत नाहीत; ते भान खेळाडूलाच ठेवावे लागते. 'ओव्हरकुक्ड २' मध्ये एकट्याला दोन आचारी आळीपाळीने चालवावे लागतात, आणि त्यात गोंधळाची गंमत जाऊन नुसती धावपळ उरते. 'हेलडायव्हर्स २' एकट्याने खेळता येतो, पण त्यात संगणकाने चालवलेले साथीदार मिळत नाहीत आणि इंटरनेट सतत लागते.

'इट टेक्स टू' (२०२१) एकट्यासाठी मुळीच घेऊ नये, कारण दुसऱ्या खेळाडूशिवाय तो पुढे सरकतच नाही. मित्र दूर राहत असेल, तर 'फ्रेंड्स पास'मुळे त्याला वेगळी खरेदी न करता ऑनलाइन सामील होता येते.

उघडलेली डिस्क किंवा गेम डाउनलोड करण्यासाठी वापरलेला कोड आम्ही परत घेऊ शकत नाही. पीसीवर खेळणाऱ्यांनी शंका असल्यास गेम थेट स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतला तरी आमची हरकत नाही : तेथे खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे मागता येतात, आणि बॉस्कोची सोबत पुरते की नाही हे कळायला तेवढा वेळ पुरेसा असतो.