लाखेची जुनी खेळणी दुरुस्तीला आणताना : पुसू नका, धुऊ नका, आहेत तशी आणा

दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुटीत आमच्या दांडिया बाजारातल्या दुकानात एकच प्रकार पुन्हा पुन्हा घडतो. नातवंडं पुण्याहून किंवा परदेशातून बडोद्याला आलेली असतात. माळ्यावरून आजीच्या वेळचा लाखेचा घोडा, पांगुळगाडा, खुळखुळा खाली उतरतो. त्यावर धूळ असते, शिवाय बाळ हाताला येईल ते तोंडात घालणार. म्हणून कुणीतरी सॅनिटायझर घेऊन खेळणं लख्ख पुसून काढतं. दुसऱ्या दिवशी तोच घोडा चिकट होऊन आमच्या काउंटरवर येतो. "अहो, नुसता पुसला हो!" पुसणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण नुकसान झालेलं असतं ते त्या पुसण्यानंच.

लाख म्हणजे डब्यातला रंग नव्हे. ती एका किड्यापासून मिळणारी राळ आहे. खेळणं खरादावर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर, फिरत असताना खरादी त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या पानानं घासून तिला चकाकी आणतात. हा थर साध्या पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळतो. घरी फर्निचरला पॉलिश करणारा कारागीर चपडा कशात भिजत घालतो ते आठवा. चपडा म्हणजे लाखच, आणि ती भिजते स्पिरिटमध्ये. सॅनिटायझरमध्ये मुख्यतः अल्कोहोलच असतं. म्हणजे तुम्ही घोडा पुसत नसता, त्याचं पॉलिश उतरवत असता.

दुसरा शत्रू म्हणजे सोडा. खाण्याचा असो, धुण्याचा असो की कपड्यांच्या पावडरीतला, लाखेला तोही चालत नाही. त्यामुळे "कोमट पाण्यात थोडी पावडर घालून बुडवून ठेवलं" यातही तीच गत होते. वर लाकूड पाणी पितं, फुगतं आणि वाळताना तडकतं. सांध्यातला सरस सुटतो तो वेगळाच.

बडोद्याजवळच्या संखेडा गावच्या लाखकामात हे नुकसान फार डोळ्यांत भरतं. तिथल्या वस्तूंवरची सोनेरी वेलबुट्टी तुम्ही पाहिली असेल. त्या सोनेरी रंगात सोनं नसतं. नक्षी कथलाच्या रुपेरी लेपानं काढतात, अकीकाच्या दगडानं घोटतात आणि वरून पारदर्शक लाख चढवतात. लाखेच्या पिवळसर झाकेखाली ती रुपेरी फुलं सोनेरी दिसायला लागतात. स्पिरिटनं लाख निघाली की तेवढ्या जागेचं सोनं नाहीसं होतं आणि फुलं पांढरट, रुपेरी होऊन बसतात. एका ताईंनी असाच पुसलेला पाळण्याचा खांब ओला असतानाच वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. कागद सोडवला तर अर्धी गुजराती बातमी उलट्या अक्षरांत खांबावर उमटलेली!

अशी वस्तू आली की आमचं तासाभराचं काम आठवड्यावर जातं. नुसतं मधेच ठिगळ लावून भागत नाही, कारण नवी लाख जुन्या झाकेला जुळत नाही. तो पूर्ण भाग खरवडावा लागतो, लाकूड सुकू द्यावं लागतं, मग पुन्हा खरादावर. खर्च साहजिकच वाढतो, आणि त्या खर्चावरून काउंटरवर वाद होतो तेव्हा आम्हालाही वाईट वाटतं. तेच खेळणं धुळीसकट आलं असतं, तर मऊ ब्रशनं झाडून, सैल चाकं बसवून, कोरड्या मलमलीनं घोटून आम्ही ते बहुधा त्याच दिवशी परत दिलं असतं.

"अगदी नव्यासारखं करून द्या" असाही आग्रह होतो. जुन्या खेळण्यावर आम्ही सरसकट नवा रंग चढवत नाही. ते कामाचा कंटाळा म्हणून नव्हे. घोड्याच्या कानावर तुमच्या वडिलांच्या पहिल्या दातांच्या खुणा असतील, तर त्या घासून टाकायचा आम्हाला काय अधिकार? तुटलेलं जोडू, हललेलं घट्ट करू, हरवलेलं चाक त्याच मापाचं कातून देऊ. नवंच हवं असेल तर जुन्यावरून माप घेऊन हुबेहूब नवं बनवून देतो. मग जुनंही तुमच्याकडे राहतं.

ही नवी प्रत करून घ्या असं आम्ही आग्रहानं सांगतो, त्याला विक्रीखेरीज दुसरंही कारण आहे. पूर्वी लाखेत पिवळ्यासाठी हरताळ आणि लालसाठी हिंगूळ घालायची रीत होती. हरताळात आर्सेनिक असतं, हिंगुळात पारा. जुन्या तैलरंगांत शिसं असे. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. एखाद्या जुन्या खेळण्यात नेमका कोणता रंग आहे, हे नुसतं बघून कुणी सांगू शकत नाही. तेव्हा जुनं खेळणं कपाटात, मोठ्यांच्या हातात, जाणत्या मुलांच्या खेळात जरूर असू द्या. सगळं तोंडात घालणाऱ्या बाळाला मात्र ते देऊ नका, कितीही स्वच्छ केलंत तरी. बाळासाठी आम्ही बिनरंगी किंवा हळद, नीळ, कात अशा रंगांतली लाखेची खेळणी बनवतो. त्यांवर आयएसआयचा शिक्का का नाही, असं विचारलं जातं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे, पण हस्तकला विभागाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. आमचं नोंदणीपत्र दुकानात लावलेलं आहे, अवश्य पाहा.

सगळ्यात जास्त मागणी अजूनही पांगुळगाड्याला आहे आणि ती नुसत्या आठवणींपोटी नाही. बाळाला आत बसवून सोडायचा वॉकर कॅनडानं २००४ मध्ये बंदच केला, कारण बाळ त्यात भरधाव सुटतं आणि जिन्यावरून पडतं. पांगुळगाड्यात बाळ बसत नाही. ते स्वतःच्या पायांवर उभं राहून दांडी धरतं आणि ढकलेल तेवढाच गाडा पुढे जातो. आम्ही चाकं मुद्दाम थोडी आवळून देतो. "फिरत नाही नीट" म्हणून ती तेल घालून सैल करू नका. बाळ पक्कं चालायला लागलं की घेऊन या, मोकळी करून देऊ. गाडा गुळगुळीत लादीवर घसरत असेल तर खाली सतरंजी घाला, आणि बाळाजवळ मोठं माणूस हवंच.

घरी सांभाळताना फार काही करावं लागत नाही. धूळ कोरड्या मऊ कापडानं झटकावी. डाग असेल तर कापड साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळावं, हलक्या हातानं फिरवावं आणि लगेच कोरडं करावं. खोबरेल लावून चमक येत नाही, धूळ तेवढी चिकटते. उन्हात वाळत घालू नका. आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच ठेवू नका, बडोद्याच्या त्या उन्हात लाख मऊ पडते. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडण्यापेक्षा जुन्या सुती साडीत गुंडाळा. डांबरगोळ्या घालू नका, मुलांच्या हाती लागल्या तर त्या विषारी असतात.

पितळी भातुकलीचं वेगळं. ती चिंचेनं खुशाल घासा, फक्त लाकडी मुठी भिजवू नका. कल्हई आम्ही करत नाही, पण करणाऱ्याकडे पाठवून आणून देतो. रंगवलेली ठकी (लाकडी बाहुली) आणि सावंतवाडीची लाकडी फळं यांना ओलं फडकंही लावू नका. पत्र्याच्या चावीच्या मोटारी घासल्या की छापील रंग निघून जातो आणि तो परत आणता येत नाही. चावी अडकली असेल तर जोर करू नका, स्प्रिंग तुटते.

लाख चढवण्याचं काम आम्ही पावसाळ्यात घेत नाही. ओलं लाकूड खरादावर चढवलं तर ते पुढे आकसतं आणि लाख सुटते. जोडकाम आणि चाकं बाराही महिने चालू असतात. दिवाळीपर्यंत हवं असेल तर वस्तू गणपतीपूर्वी दाखवून जा, म्हणजे पाऊस उघडल्यावर पहिला नंबर तुमचा लागेल. वस्तू बघून अंदाज सांगायचे पैसे आम्ही घेत नाही. तुटलेले तुकडे, निसटलेल्या खुंट्या, भोवऱ्याची आर, जे काही सापडेल ते कापडात बांधून सोबत आणा. आणि सॅनिटायझर आधीच लागून गेला असेल तर पुन्हा पुसू नका. कशाला टेकणार नाही असं सावलीत मोकळं ठेवून पुरतं वाळू द्या आणि मग आणा.