गाडीचा टर्बो बदलायचाय? परवानगी कुठे लागते, कुठे मिळतच नाही आणि कोणते कागद जपायचे

‘मोठा टर्बो बसवा, आरटीओत नोंद आम्ही करून देतो’ असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याला एकच प्रश्न विचारा: कोणत्या कलमाखाली? मी हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारला आहे आणि सरळ उत्तर अजून कुणाकडून मिळालेलं नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या गाडीमालकांसाठी हा विषय एकदा नीट मांडतो. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप.

आधी निकाल सांगतो. कंपनीचाच, त्याच पार्ट नंबरचा टर्बो बसवत असाल तर कुठलाही अर्ज करावा लागत नाही. टर्बो गेल्यामुळे इंजिनच बदलावं लागलं, तर अर्ज करावाच लागतो. आणि रस्त्यावरच्या गाडीला ताकद वाढवण्यासाठी मोठा टर्बो लावायचा असेल, तर त्यासाठी भरायला फॉर्मच नाही. त्या हौसेची जागा ट्रॅकवर आहे. तिथे पात्रता, परवाना, तपासणी अशी वेगळी प्रक्रिया आहे.

त्याच जागी तोच टर्बो

शिट्टीसारखा आवाज येतो, निळसर धूर दिसतो, ऑइल कमी होत जातं, चढावर गाडी दम टाकते. गॅरेजवाला टर्बोचा शाफ्ट (फिरणारा दांडा) हाताने हलवून बघतो आणि ‘प्ले आलाय’, म्हणजे तो सैल झालाय, म्हणतो. छोट्या प्रवासी गाडीच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्यामुळे ऑइलच्या पाइपमध्ये कार्बन अडकला की टर्बोचं काही खरं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पाइप जुनाच ठेवून नवा टर्बो बसवला, तर तोही थोड्याच दिवसांत जातो आणि मग वॉरंटीवरून वाद सुरू होतो.

अशा बदलाने आरसीवरची कोणतीच माहिती बदलत नाही, म्हणून आरटीओत जायचं कारण नाही. पण कागद जपा. बिलावर गाडीचा नोंदणी क्रमांक, चासी नंबर आणि टर्बोचा पूर्ण पार्ट नंबर लिहून घ्या. पार्ट नंबरच्या शेवटची अक्षरंही त्यात हवीत. दोन टर्बो दिसायला सारखे असले तरी अॅक्च्युएटरची (टर्बोचा दाब आवरणाऱ्या भागाची) सेटिंग वेगळी असू शकते. जुन्या आणि नव्या टर्बोवरच्या पट्टीचे फोटो काढून ठेवा. रिकंडिशन केलेला टर्बो घेतला असेल, तर कार्ट्रिज (टर्बोचा मधला फिरणारा भाग) मशीनवर बॅलन्स केल्याचा रिपोर्ट मागा. जो दुकानदार हा रिपोर्ट देत नाही, त्याच्याकडून मी टर्बो घेणार नाही. विम्याचा दावा करताना किंवा गाडी विकताना ‘गाडी मूळ अवस्थेत आहे’ हे दाखवायला एवढे कागद पुरतात.

टर्बोमुळे इंजिन गेलं, तर

डिझेल गाडीत टर्बोचं सील फुटलं की कधी कधी ऑइल थेट इंजिनात ओढलं जातं आणि इंजिन तेच इंधन म्हणून जाळायला लागतं. चावी बंद केली तरी ते थांबत नाही, फेऱ्या वाढतच जातात आणि शेवटी इंजिन आतून तुटतं. मग नवा ब्लॉक किंवा अख्खं इंजिन टाकावं लागतं. इंजिन नंबर बदलला की मोटार वाहन अधिनियम, 1988 चं कलम 52 लागू झालं.

त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन असेल तर हे काम होतं. अर्ज परिवहन पोर्टलवर करायचा. नोंदणी क्रमांक, चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे-अक्षरं आणि आरसीला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी देऊन आत जायचं, वाहनातील बदलाची सेवा निवडायची, शुल्क भरायचं आणि पावती व अर्ज छापून घ्यायचा. मोबाइल नंबर जुना असेल तर तो आधी बदलून घ्या, नाहीतर गाडी पहिल्याच पायरीवर अडते. पुढचं काम कार्यालयात. मोटार वाहन निरीक्षक गाडी समोर बघतो आणि नंबर ताडून पाहतो, म्हणून गाडी घेऊनच जावं लागतं.

सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, इंजिन खरेदीचं जीएसटी बिल आणि चासी-इंजिन नंबरचं पेन्सिल प्रिंट ठेवा. इंजिन दुसऱ्या गाडीतून काढलेलं असेल तर ती गाडी कुणाची होती आणि तिचं पुढे काय झालं, याचे कागद लागतात. चोरीचं इंजिन नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची असते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची किंवा फायनान्स कंपनीची लेखी संमती आधी घ्या. कार्यालयागणिक एखादा कागद जास्त मागितला जातो, तेव्हा एक फेरी आधी मारून यादी लिहून आणलेली बरी.

इंजिन बसवण्याआधीच मंजुरी घ्या, ही माझी आग्रहाची सूचना. मंजुरीशिवाय बदल झाला असेल तर 14 दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसी द्यावी, असं पोटकलम 3 सांगतं. नवी आरसी हातात आली की त्याच आठवड्यात विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या. लोक नेमके हेच विसरतात.

मोठा टर्बो: अर्ज का नाही

आता ज्यासाठी बहुतेक जण हा लेख उघडतील तो भाग. स्कोडाच्या ऑक्टेव्हिया आरएस 230 च्या दोन लिटरच्या टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनावर आयएचआय कंपनीचा आयएस20 टर्बो येतो. जवळजवळ त्याच इंजिनाच्या फोक्सवॅगन गोल्फ आरवर मोठा आयएस38 येतो आणि तो साधारण 300 पीएस (जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर) देतो. दोन्ही एकाच घराण्यातले, बोल्ट जुळतात, मग मनात येणारच.

कलम 52 चं पहिलं वाक्य म्हणतं की, आरसीवरचे तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये. पुढे सूट आहे, ती सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा दुसऱ्या इंधनावर गाडी चालवण्याच्या किटसाठी. त्या किटना मान्यता मिळते, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था त्यांची चाचणी घेतात आणि आरसीवर इंधनाची नोंद बदलते. ताकद वाढवणाऱ्या टर्बो किटचा त्या सुटीत उल्लेख नाही. ‘सीएनजीची एंट्री होते तर टर्बोची का नाही’ याचं उत्तर एवढंच आहे.

यावर एक युक्तिवाद कायम ऐकू येतो. कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे वाहनाचं मूळ वैशिष्ट्य पालटणारा रचनेतला बदल, असं म्हटलंय. टर्बो तर बॉनेटखाली असतो, रचना कुठे बदलली? शब्दांवर बोट ठेवलं तर मुद्दा विचार करण्याजोगा आहे. मला तो पटत नाही, त्याची कारणं सांगतो. नोंदणीच्या तपशिलात इंजिनाच्या सीसीसोबत हॉर्सपॉवरही असते. गाडीला प्रदूषणाची मान्यता मिळते ती त्या विशिष्ट इंजिन, टर्बो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) यांच्या जोडणीला. शिवाय 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 182ए चं पोटकलम 4 स्पष्टपणे सुटे भाग बसवून केलेल्या बदलांचं नाव घेतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. टर्बो, डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप), मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) हे एक काम की तीन, हा वाद रस्त्यावर उभं राहून घालायची वेळ कुणावर येऊ नये. धूर किंवा आवाज मर्यादेबाहेर गेला तर कलम 190 वेगळं. त्यात पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लायसन्सही तीन महिने जातं.

केरळमधून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी हाच अर्थ उचलून धरला: निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. त्यामुळे वर सांगितलेल्या 14 दिवसांच्या तरतुदीचा आधार घेऊन मोठा टर्बो ‘नंतर कळवून’ नियमित होईल, अशी आशा ठेवू नका.

परदेशातून आलेल्या किटच्या खोक्यात कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक किंवा जर्मनीच्या ट्युफ या तपासणी संस्थेचा अहवाल असतो. जर्मनीत राहणारे आपले मराठी इंजिनिअर अशी गाडी तज्ज्ञाकडून तपासून घेऊन वाढलेली ताकद नोंदणीपत्रात चढवू शकतात, तशी सोय तिथल्या नियमांत आहे. तो कागद पुण्याच्या किंवा ठाण्याच्या आरटीओत चालत नाही.

आणि विमा. न सांगता केलेला बदल उघड झाला, की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं. ही भीती घालण्यासाठी लिहीत नाही. घरातल्या कुणाच्या हातात ती गाडी असेल, त्यांना हे माहीत असायला हवं.

ट्रॅकसाठी: आधी नियमावली, मग टर्बो

मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणि बुद्ध सर्किट ही आपल्याकडची ओळखीची ठिकाणं. देशातल्या मोटर स्पोर्टचा कारभार एफएमएससीआय, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, बघते. तिचं कार्यालय चेन्नईत आहे. स्पर्धेत उतरायला तिचा स्पर्धा परवाना लागतो. वयाचा आणि ओळखीचा पुरावा, फोटो, डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला आणि शुल्क तयार ठेवा. अर्जदार सज्ञान नसेल तर पालकांची संमतीही. आरटीओचं लायसन्स हा त्याला पर्याय नाही. स्पर्धेच्या आधी गाडीची तपासणी होते. रोल केज, हार्नेस, अग्निशामक, हेल्मेटवरची मान्यतेची पट्टी, सगळं बघितलं जातं. आणि अशी गाडी ट्रॅकपर्यंत फ्लॅटबेडवर न्यायची.

टर्बो निवडताना हाच क्रम पाळा. एफआयएच्या (मोटर स्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाची क्षमता 1.7 ने गुणून वर्ग ठरतो. म्हणजे 1197 सीसीची छोटी टर्बो गाडी 2035 सीसीची धरली जाते आणि दोन लिटरच्या वर्गातूनही बाहेर पडते! तुमच्या स्पर्धेत कोणता गुणक आहे, ते तिच्या नियमावलीत बघितल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

मग हवेचा हिशोब. दोन लिटरचं इंजिन, 6,500 आरपीएम, सिलिंडर 95 टक्के भरतात, प्रेशर रेशो (टर्बोतून बाहेर पडणाऱ्या आणि आत येणाऱ्या हवेच्या दाबांचं गुणोत्तर) 2.2 आणि इंटरकूलरनंतर हवा 45 अंशांवर धरली, तर मिनिटाला सुमारे 15 किलो हवा लागते. कंप्रेसर मॅपवर, म्हणजे टर्बोची हवा आणि दाब दाखवणाऱ्या आलेखावर, हा बिंदू शोधा. तो मधल्या कार्यक्षम बेटांवर पडला पाहिजे. डाव्या सर्ज रेषेला (जिथे हवा उलटी फिरू लागते) चिकटला तर टर्बो फडफडतो, उजव्या कडेला गेला तर नुसती गरम हवा मिळते. उंचीही धरा. 2.2 हा आकडा समुद्रसपाटीचा. तेवढीच हवा पुण्यात कोंबायची तर रेशो 2.35 च्या आसपास जातो आणि महाबळेश्वरला 2.6 च्या जवळ. मुंबईत आरामात चालणारा छोटा टर्बो घाटमाथ्यावर आपल्या वेगाच्या मर्यादेला भिडतो तो यामुळे.

हा सगळा हिशोब रेस्ट्रिक्टरपाशी येऊन थांबतो. टर्बोच्या तोंडाशी ठरावीक मापाची चिंचोळी नळी बसवतात. रॅली2 वर्गात ती 32 मिमीची असते. तेवढ्या भोकातून समुद्रसपाटीला मिनिटाला साधारण साडेअकरा किलोपेक्षा जास्त हवा जाऊच शकत नाही, कारण तिथे हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचलेला असतो. वरच्या 15 किलोंसाठी घेतलेला मोठा टर्बो तिथे उशिरा जागा होतो आणि वर काहीच देत नाही. रेस्ट्रिक्टर चुकवायचा विचार कुणाच्या मनात आला तर 1995 ची कॅटालुन्या रॅली आठवावी. टोयोटाच्या सेलिकांमध्ये रेस्ट्रिक्टरला बगल देऊन हवा आत घेणारी रचना सापडली आणि एफआयएने संघाला बारा महिने बाहेर ठेवलं. म्हणून तपासनीस टर्बोला सील लावायला येईल, तेव्हा पार्ट नंबर, बिल आणि रेस्ट्रिक्टरचं मोजलेलं माप एका फाइलमध्ये तयार ठेवा, आणि ते सील त्याच्या सहीशिवाय कुणाला तोडू देऊ नका.