‘गेल्या वर्षी कितीचं फाडलं होतं?’ : बेळगाव भागातल्या वर्गणीमागची जुनी गोष्ट

गणपतीच्या आधी महिनाभर आमच्या गल्लीत पोरं पावतीपुस्तक घेऊन फिरायला लागली की दारादारात एकच प्रश्न ठरलेला, "गेल्या वर्षी कितीचं फाडलं होतं बघ की रे", मग पोरगं काखेतलं जुनं पुस्तक काढून स्थळप्रती चाळणार, नाव सापडणार, ५०१, आणि काका म्हणणार बरं मग ५५१ चं फाड, झालं काम. लहानपणी आम्हाला हा नुसता खेळ वाटायचा. खरं आता एका छोट्या वाचनालयाच्या कमिटीत बसून देणगीदार येत का नाहीत आणि आलेले टिकत का नाहीत यावर दोन-दोन तास मीटिंगा घालवताना कळतंय की ते काखेतलं जुनं पुस्तक म्हणजेच निम्मी विद्या होती. आता त्यालाच डोनर रिटेन्शन, म्हणजे देणगीदार टिकवणं, म्हणतात आणि त्याचं सॉफ्टवेअर विकत मिळतंय.

म्हणून जरा मागं जाऊन बघितलं की आपल्या भागात हे पैसे मागणं आणि देणं सुरू कसं झालं, आणि लोक कुठं टिकले, कुठं निसटले.

आपल्याकडं यासाठी तीन शब्द आहेत, पट्टी, वर्गणी आणि देणगी, आणि तिन्ही वेगळे आहेत. पट्टी सगळ्यात जुनी. गावात लक्ष्मीची यात्रा बसली की पंच बसून घरटी किती ते ठरवतात, ती द्यायचीच, पुण्या-मुंबईला नाहीतर गोव्याला नोकरीला असलेला भाऊसुद्धा देतो कारण नाही दिली तर यात्रेला कुठल्या तोंडानं येणार. तिथं देणारा टिकवायचा प्रश्नच नाही, गावच त्याला धरून ठेवतंय. अडचण आली ती गावकीच्या बाहेरच्या कामांना, म्हणजे वाचनालय, शाळा, वसतिगृह. यांच्यामागं ना देव ना पंच. बेळगावातलं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, म्हणजे रेल्वेच्याही आधीचं, आणि तिथं रीत वर्गणीची होती, पैसे भरा आणि पुस्तक-पेपर वाचा. पेपरच्या गिऱ्हाइकालाही आपण वर्गणीदारच म्हणतो ते यामुळंच. काहीतरी हातात मिळतंय तोवर माणूस दरवर्षी भरतो हे त्यात होतं.

खरं हातात काहीच न मिळता, दरवर्षी, आणि तेही गरिबानं द्यायचं, हे कसं जमवायचं? यावर महाराष्ट्रात एक भारी प्रयोग झाला तो पैसा फंडाचा. अंताजी दामोदर काळे नावाच्या शिक्षकानं डोक्यात घेतलं की प्रत्येकानं वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोक हसले असणारच. टिळकांनी उचलून धरलं आणि १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काचेचा कारखाना उभा राहिला. यातली गंमत रकमेत नाही, एका पैशानं कुणाचं घर बुडत नाही त्यामुळं ‘नाही’ म्हणायला तोंडच राहत नाही, आणि एकदा दिला की तो कारखाना थोडासा आपलाही होतो. मला विचाराल तर आजची ती महिन्याला १०० रुपयेवाली ऑटो डेबिट योजना म्हणजे काळे मास्तरांचीच उसनी आयडिया आहे.

दुसरा प्रयोग आपल्या शेजारचाच. कुंभोजचे भाऊराव पाटील, कर्मवीर, यांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, त्याआधी ते किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले होते (त्या किर्लोस्करांची सुरुवात बेळगावात सायकलच्या दुकानातून झाली हे इथल्या माणसाला सांगायला नको). त्यांचा मुष्टिफंड म्हणजे घरातल्या बाईनं दळण-स्वयंपाक करताना एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचं आणि ते वसतिगृहाच्या पोरांसाठी द्यायचं. आता बघा, वर्षातनं एकदा येणारा देणगीदार विसरतो, खरं रोज मूठ बाजूला काढणारी बाई त्या वसतिगृहाला रोज आठवते. नांगर विकताना शेतकऱ्याच्या दारात बसायची सवय झालेल्या माणसालाच हे सुचणार.

आणि आता खुद्द बेळगाव. एप्रिल १९१६ मध्ये मुंबई प्रांतिक परिषद इथं भरली आणि टिळकांची होमरूल लीग इथंच जाहीर झाली, गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात झेंडा चौकाचा सार्वजनिक गणपतीही त्यांच्याच प्रेरणेनं बसू लागलेला, त्यामुळं चळवळीसाठी दारात येऊन पैसे मागणारी पोरं गावाला नवीन नव्हती. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी ३० जूनच्या आत १ कोटी जमवायचे असा देशभर नारा दिला गेला आणि ते जमले. मुदत, आकडा आणि गेलेल्या पुढाऱ्याचं नाव, तिन्ही एकत्र. आजही जी अपील चालते ती याच तीन पायांवर चालते.

त्यानंतर तीन वर्षांनी, डिसेंबर १९२४ ला, बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झालेलं एकमेव. इथले काँग्रेसचे पुढारी गंगाधरराव देशपांडे यांनी सगळी व्यवस्था सांभाळली. टिळकवाडीत तळ पडला, त्याचं नाव विजयनगर, आणि पाण्यासाठी विहीर खणली ती आजची काँग्रेस विहीर, तिला खर्च आला ४,३७० रुपये ३ आणे. ते ३ आणे मला फार आवडतात. शंभर वर्षं झाली तरी विहिरीचा हिशोब आण्यापर्यंत सांगता येतो, आणि इथं आमच्या कमिटीला मागच्या वर्षीच्या कार्यक्रमाच्या मांडवाचं बिल सापडत नाही.

खरं त्याच अधिवेशनात एक चूकही झाली असं माझं मत. तोवर काँग्रेसचा सभासद व्हायला वर्षाला ४ आणे पुरायचे. बेळगावात ठरलं की त्याऐवजी दर महिन्याला २,००० यार्ड सूत द्यायचं, स्वतः कातलेलं, नाहीतर दुसऱ्याकडून कातून घेतलेलं. विचार उदात्त, पैशापेक्षा कष्ट द्या. पण सामान्य माणूस वर्षाला पावली देत होता तो महिन्या-महिन्याला सूत कुठं कातत बसतोय, सभासद झपाट्यानं गळले, आणि सप्टेंबर १९२५ ला पाटण्यात नियम ढिला करून ४ आण्यांची वाट पुन्हा उघडावी लागली. नऊच महिने. म्हणजे देणाऱ्याकडं काय मागायचं यापेक्षा त्याच्या रोजच्या आयुष्यात ते कुठं बसतंय हे बघायला लागतं, मूठभर धान्य स्वयंपाकात बसलं, सूत नाही बसलं. गांधीजींसारख्याला जे जमलं नाही ते ‘दर रविवारी श्रमदान’ असं सभासदांना बंधनकारक करणाऱ्या आमच्या तरुण मंडळींना जमेल असं वाटत नाही, मी मीटिंगमध्ये हे बोललो तर सगळे गप्प बसले.

आता देणगी. ही मोठ्या माणसाची गोष्ट, एकदाच आणि नाव कोरून. या भागात यात कन्नड संस्थांनी फार मोठं काम केलंय आणि ते मान्य करायला काही हरकत नाही. सिरसंगीचे लिंगराज देसाई १९०६ ला वारले ते आपली इस्टेट समाजाच्या शिक्षणासाठी ठेवून. १९१६ ला सात तरुण शिक्षकांनी के.एल.ई. (कर्नाटक लिंगायत एज्युकेशन) संस्था काढली, त्यांच्या हायस्कूलचं नाव गिलगंची-अरटाळ, म्हणजे दोन दात्यांची नावं, पुढं लिंगराज कॉलेज, राजा लखमगौडा सायन्स कॉलेज. मराठी बाजूला बघा, टिळकवाडीत राणी पार्वतीदेवींच्या नावाचं आर.पी.डी., गोविंदराम सेकसरियांच्या नावाचं जी.एस.एस., नंतर १९७९ ला गोगटे यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज. भाषेवरून भांडणाऱ्या या गावात दात्याचं नाव दारावर लावायची पद्धत मात्र दोन्हीकडं सेम टू सेम. निपाणीच्या देवचंद कॉलेजची तर वेगळीच तऱ्हा, पोरं निपाणीची, नाव तिथल्या दात्याचं, आणि कॉलेज अर्जुननगरला म्हणजे हद्दीपलीकडं कोल्हापूर जिल्ह्यात.

नाव कोरण्याचा तोटा असा की दगड एकदाच बसतो. पुढच्या पिढीला द्यायचं तर कुठं, इमारत तर आजोबांच्या नावाची झालेली. म्हणून मग संस्थांनी पायऱ्या काढल्या, आश्रयदाते, हितचिंतक, आजीव सभासद. यातल्या आजीव सभासदानं छोट्या संस्थांचं वाटोळं केलं असं मी स्पष्ट म्हणतो. कुणीतरी कधीकाळी ५०० भरून आजीव झाले, ती रक्कम कधीच संपली, त्यांना मत आहे, जेवण आहे, खरं त्यांच्याकडं पुन्हा मागायचं दारच बंद. आपल्या जुन्या माणसांनी १०१ मधला वरचा १ उगाच ठेवला नव्हता, शून्यावर देणं संपवायचं नाही, पुढं चालू ठेवायचं, तो रुपया पुढच्या वेळचा.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं आणि इथल्या मराठी संस्थांचं चित्र बदललं. सरकारी मदत ज्या भाषेत मागायची ती भाषा बदलली, आणि लोकांच्या वर्गणीवरचा भार वाढला. १९४६ चं साहित्य संमेलन बेळगावात झालं, तिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे, खरं त्यापेक्षा मला कडोली, उचगाव, येळ्ळूर इथली गावची संमेलनं मोठी वाटतात, कारण ती गावकऱ्यांच्या जिवावर चालतात. मांडव, पाहुण्यांचं जेवण, ग्रंथदिंडी, कुणी तांदूळ दिले, कुणी ट्रॅक्टर दिला. हे पुन्हा पट्टीच्या आणि मुष्टिफंडाच्या मधलं काहीतरी आहे. कायद्याची गंमत म्हणजे राज्य बदललं तरी या भागातले कितीतरी ट्रस्ट १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीच नोंदलेले राहिले, लेटरहेडवर तो नंबर अजून दिसतो.

कागद नंतर वाढत गेले. ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात मिळणारी सवलत १९६० च्या दशकातली, तिच्यामुळं पगारदार आणि व्यापारी देणगीदार मार्चमध्ये दिसायला लागला, एप्रिलमध्ये गायब. २०१७ पासून २,००० च्या वर रोख दिली तर सवलत नाही, आणि २०२१-२२ पासून संस्थेनं देणगीदारांची यादी पॅनसकट आयकर खात्याला द्यायची. विचार करा, दारात उभं राहून "काका, पॅन नंबर सांगा की" म्हटलं की काका आत जातात ते चष्मा आणायला आणि येतच नाहीत. शिवाय नवी कररचना घेणाऱ्याला ती सवलतच लागू नाही. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के सीएसआरला, म्हणजे समाजकामाला, द्यावे लागतात, पण त्यासाठी निदान ५ कोटी नफा, १,००० कोटींची उलाढाल नाहीतर ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता (नेट वर्थ) लागते, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला छोटा वर्कशॉपवाला त्यात कुठला बसतोय, त्याच्याकडं जुन्याच पद्धतीनं चहा पीत जाऊन मागावं लागतं. परदेशी नागरिकाकडून किंवा संस्थेकडून पैसे घ्यायचे तर २०२० च्या कायद्यातल्या बदलानंतर खातं दिल्लीच्याच एका स्टेट बँक शाखेत, म्हणजे तिकडचं नागरिकत्व घेतलेला भाचा द्यायला तयार असला तरी गल्लीतल्या संस्थेनं तो नाद सोडलेलाच बरा.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवा. बेळगाव, चिकोडी, तिकडं कोल्हापूर-सांगली, कपडे आणि तांदळाच्या गाड्या इतक्या आल्या की ठेवायला जागा नव्हती. एका मोठ्या संस्थेला मी तेव्हा पैसे पाठवले, त्यांची पावती आली नाही, पण पुढं दोन वर्षं आठवड्याला एक मेसेज मात्र येत राहिला, डोनेट नाऊ. माझे पैसे कुठं गेले, एक ओळ नाही. मी नंबर ब्लॉक केला. गल्लीच्या मंडळाचं मात्र विसर्जनानंतर पंधरा दिवसांत चौकातल्या फळ्यावर जमाखर्च लागायचा, बॅन्डला किती, लाइटला किती, शिल्लक किती, आणि लोक उभे राहून बॅन्डच्या आकड्यावरून वाद घालायचे. वाद घालणारा माणूस पुढच्या वर्षी हमखास पावती फाडायचा.

यंदा आमच्या वाचनालयानं क्यूआर कोड छापलाय, पावती फाडणाऱ्यांपेक्षा स्कॅन करणारे जास्त. पैसे आले, ते बरंच झालं, खरं बँकेच्या यादीत अर्धी नावं नुसती मोबाइल नंबरनी येतात, कुठल्या गल्लीतला कोण ते कळतच नाही. म्हणून मागच्या महिन्यापासून दोघं बसून एक एक नंबर ओळखून जाड वहीत उतरवतोय, नाव, गल्ली, रक्कम, कुणाच्या ओळखीनं. सत्तेचाळीस झाली, अजून बरीच राहिली.