पोलिसांना केस चालू असतानाच अपील, दावा लावणाऱ्याने मात्र थांबायचं: अमेरिकेतला हा नियम आला कुठून

अमेरिकेत पोलिसांवर नागरी हक्कांचा दावा लावला की बरेचदा असं होतं की केस ज्युरीसमोर जायच्या आधीच पोलीस अपिलात गेलेले असतात, आणि तोपर्यंत खालचा खटला साधारणपणे थांबतो. जजने वादीच्या विरोधात काही ठरवलं तर त्याला मात्र बहुतेक वेळा पूर्ण केस संपायची वाट बघावी लागते.

मूळ नियम 1789 च्या कायद्यापासूनचा, अंतिम निकाल लागल्यावरच अपील. हे बरोबरच आहे, नाहीतर प्रत्येक ऑर्डरवर वरच्या कोर्टात पळापळ झाली असती आणि ज्याच्याकडे पैसा त्याने केस लांबवली असती. मनाईहुकूम दिला किंवा नाकारला तर लगेच अपील करता येतं, ते दोन्ही बाजूंना. मग 1949 मध्ये कोहेन केसमध्ये, जी खरं तर शेअरहोल्डरची भानगड होती, सुप्रीम कोर्टाने अजून एक वाट काढली: ऑर्डरने तो मुद्दा कायमचा मिटला असेल, तो मूळ वादापासून वेगळा असेल आणि नंतर अपील करून काही उपयोग उरणार नसेल, तर मधेच वर जाता येईल.

सरकारी माणसावर हक्कभंगाचा दावा लावायचा कायदा 1871 चा, कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीच्या हिंसेनंतर आलेला. पण पुढे कोर्टांनीच अधिकाऱ्यांना क्वालिफाइड इम्युनिटी दिली, म्हणजे तो हक्क तेव्हा स्पष्टपणे ठरलेला नसेल तर भरपाईचा दावा टिकत नाही. 1985 च्या मिचेल केसमध्ये (मिचेल म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सनचे अ‍ॅटर्नी जनरल, दावा वॉरंटशिवाय फोन टॅपिंगचा) कोर्ट म्हणालं की हे संरक्षण नुसतं भरपाईपासून नाही तर खटल्यापासूनच आहे, खटला चालला की ते गेलंच, म्हणून ते नाकारलं तर लगेच अपील. मला वाटतं इथेच पारडं झुकलं.

थोडा लगाम 1995 मध्ये लागला, जॉन्सन विरुद्ध जोन्स. इन्सुलिनमुळे झटका येऊन रस्त्यावर सापडलेला डायबेटिसचा पेशंट, पोलिसांना वाटलं प्यायलेला आहे, अटक केली, आणि नंतर तो हॉस्पिटलमध्ये, बरगड्या मोडलेल्या. तीन पोलीस म्हणाले आम्ही मारल्याचा पुरावाच नाही. कोर्टाने एकमताने सांगितलं की कोणी काय केलं हा पुराव्याचा वाद आहे, त्यावर मधेच अपील नाही, फक्त कायद्याच्या प्रश्नावर. असा माणूस ज्युरीपर्यंत पोचायलाच हवा, म्हणून हा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

पण 2007 च्या स्कॉट विरुद्ध हॅरिसमध्ये पोलिसांच्या गाडीतला पाठलागाचा व्हिडिओ सुप्रीम कोर्टाने स्वतः बघितला आणि खालच्या दोन्ही कोर्टांचं न ऐकता पोलिसाच्या बाजूने निकाल दिला, तेव्हापासून पुरावा कुठे संपतो आणि कायदा कुठे सुरू होतो यावरच वकील भांडतात. त्यात 1996 च्या बेरेन्स केसमुळे अधिकाऱ्याला एकाच केसमध्ये दोनदा वर जाता येतं, एकदा दावा फेटाळा ही मागणी नाकारल्यावर, आणि पुरावे गोळा झाल्यावर समरी जजमेंट, म्हणजे खटला न चालवताच निकाल, नाकारलं की पुन्हा.