उपग्रहावर उगाच आळ

रात्री माझ्या विजेच्या गाडीत सॉफ्टवेअरचं अपडेट उतरलं आणि सकाळी गाडी मला ओळखेना. सीटची उंची विसरली, रेडिओची स्टेशनं विसरली. मी महिनाभरापूर्वी मुद्दाम बंद केलेलं ‘लोकेशन शेअरिंग’ मात्र तिने आठवणीने चालू करून ठेवलं होतं. स्क्रीनवर नव्या अटींचं भलंमोठं पान, आणि खाली बटण एकच: ‘मान्य’.

हे रडगाणं मित्रांच्या ग्रुपवर गायलो, तर दहा मिनिटांत उपाय हजर. गाडीच्या टपावर माशाच्या परासारखा अँटेना असतो ना, त्याला चंदेरी फॉइल गुंडाळ, म्हणजे ‘उपग्रहाला गाडी दिसणारच नाही’! दुसऱ्याने तर लहरी शोषून घेणारं एक स्टिकर सुचवलं, विकत कुठे मिळतं त्यासकट. पत्रिकेतल्या ग्रहांवर सगळं ढकलायची सवय आपल्यात इतकी मुरली आहे, की ग्रह पुरले नाहीत तर आपण उपग्रहांना धरतो.

उपग्रह बिचारा निर्दोष आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांना तुमची गाडी दिसत नाही, ऐकू येत नाही, ती अस्तित्वात आहे हेही त्यांना ठाऊक नसतं. प्रत्येक उपग्रहाचा एकच घोष अखंड चालू असतो: मी अमुक, मी इथे आहे, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी जमिनीवर पोचायला त्याला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. गाडीतला रिसीव्हर हा उशीर मोजतो, त्याला सेकंदाला ३ लाख किलोमीटर या वेगाने गुणतो आणि अंतर काढतो. अक्षांश, रेखांश आणि उंची ही तीन अज्ञातं, आणि चौथं अज्ञात म्हणजे गाडीतल्या स्वस्त घड्याळाची चूक. म्हणून चार उपग्रह लागतात. चार समीकरणं सुटली की ठावठिकाणा मिळाला. रेडिओ कोण कोण ऐकतंय हे निवेदकाला कळत नाही, तसंच हे.

म्हणजे उत्तर गाडीच्या पोटातच तयार होतं. ते बाहेर नेण्याचं काम दुसऱ्याच वस्तूचं: गाडीत बसवलेलं मोबाइलचं सिम. जीपीएस हा गाडीचा कान, सिम हे तोंड. ऐकलेलं कुणाला सांगायचं, किती बारकाईने सांगायचं आणि किती वेळा, हे सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणून मला अपडेटची धास्ती वाटते. गाडीचा एक स्क्रूही न हलवता, रात्रीत तिचं तोंड उघडता येतं.

विजेच्या गाडीला स्वतःचा ठावठिकाणा कळायलाच हवा, हे मला मान्य आहे. पुढचं चार्जिंग स्टेशन किती लांब, वाटेत चढ किती, यावर बॅटरी पुरेल की नाही ते ठरतं. बॅटरी थंड असताना जोरात चार्ज केली, तर लिथियम बॅटरीच्या ऋण टोकात, म्हणजे ऋणाग्रात, नीट मुरत नाही, त्याचा धातूरूप थर वरच साचतो आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. म्हणून अनेक गाड्या फास्ट चार्जर जवळ आला की बॅटरी आधीच गरम करायला घेतात. पण हा सगळा हिशेब गाडीतल्या गाडीत होऊ शकतो. त्यासाठी माझा कालचा, परवाचा आणि गेल्या वर्षीचा प्रवास कंपनीच्या सर्व्हरवर साठवायचं कारण नाही.

अपडेटना सरसकट शिव्या घालणंही बरोबर नाही. २०१८ साली ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ संस्थेच्या चाचणीत टेस्लाची मॉडेल ३ थांबायला फार लांब अंतर घेते असं आढळलं. कंपनीने काही दिवसांत नवं सॉफ्टवेअर पाठवलं आणि ते अंतर जवळपास सहा मीटरने घटलं, तेही कुणी रेंच हातात न धरता! उलट नोव्हेंबर २०२३ मध्ये रिव्हियन या विजेच्या गाड्या बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने चुकीच्या सुरक्षा प्रमाणपत्राचं अपडेट पाठवलं आणि बऱ्याच मालकांचे स्क्रीन मेले. गाड्या चालत होत्या, पण स्क्रीन काळा. डाउनलोड झाल्यावरही अपडेट इतकं रेंगाळतं का, याचंही कारण सांगून टाकतो. गाडीतल्या डझनावारी छोट्या संगणकांना जोडणारी ‘कॅन’ नावाची तार-व्यवस्था बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे ठेवली, आणि अनेक गाड्यांत ती सेकंदाला ५ लाख बिटच वाहते. त्यातही दर ६४ बिट मालामागे चाळीसहून जास्त बिट पाकिटावरच्या पत्त्यातच खर्च होतात. १० मेगाबाइटचं सॉफ्टवेअर या वाटेने एका संगणकात भरायचं तर पाचेक मिनिटं गेलीच. अशा संगणकांची रांग लागलेली असते.

तर, फॉइल. मित्राची जिरवायची म्हणून मी ती खरंच गुंडाळली आणि फेरफटका मारून आलो. नकाशावरचा बाण थोडा वेळ बरोबर चालला, मग रस्ता सोडून भलतीकडे शिरला. नेटवर्क गेलं. पण किलोमीटरचा आकडा वाढतच होता, वेगाचा काटा हलतच होता, कारण ते चाकांवरून मोजलं जातं, आभाळातून नाही. घरी येऊन फॉइल काढली, आणि थोड्याच वेळात मोबाइलच्या ॲपमध्ये ती फेरी दाखल: इतके किलोमीटर, इतकी मिनिटं, इतके युनिट. गाडीने सगळं पाठ करून ठेवलं होतं, तोंड मोकळं होताच म्हणून दाखवलं.

‘असू दे,’ मित्र म्हणाला, ‘नुसत्या वेगावरून कुणाला काय कळणार?’

इथेच माझी आवडती गोष्ट सुरू होते. काही विमा कंपन्या गाडीत एक छोटं यंत्र बसवायला देतात आणि सांगतात, आम्ही ठिकाण नोंदवत नाही, फक्त वेग नोंदवतो. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं, की गाडी निघाली कुठून एवढं माहीत असेल तर नुसत्या वेगाच्या नोंदीवरून ती कुठे गेली याचा माग काढता येतो. आणि निघण्याची जागा तर विमा पॉलिसीवरच लिहिलेली असते: घरचा पत्ता.

युक्ती शाळेतल्या गणिताची. वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर. सेकंदासेकंदाचे तुकडे जोडत गेलं की गाडी घरापासून किती मीटर आली हे कळतं. दिशा कळत नाही. पण गाडी काही मोकळ्या मैदानात धावत नाही. ती रस्त्यावर असते, आणि रस्त्यांचा नकाशा सगळ्यांकडे आहे.

आता वळणाचं बघा. गाडी ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने जाते आहे. चौकातल्या काटकोनी वळणाची त्रिज्या १० मीटर धरू. वळताना लागणारं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, इथे १०० भागिले १०, म्हणजे १० मीटर प्रति सेकंद वर्ग. हे जवळजवळ गुरुत्वत्वरणाइतकं झालं! कोरड्या रस्त्यावरही टायरची पकड इथे संपत येते, आणि मागच्या सीटवरचं माणूस दारावर जाऊन आदळतं. वेग निम्मा केला तर त्वरण चौथ्या हिश्शावर, अडीचवर येतं, तेव्हा कुठे वळण सुखाचं होतं. म्हणून चालवणारा कितीही घाईत असो, चौकात वळायचं तर वेग पाडावाच लागतो.

याचा व्यत्यास मात्र खरा नाही, आणि सगळी गंमत तिथे आहे. वेग कमी झाला म्हणजे गाडी वळलीच असं नाही, पुढे सिग्नल असेल, म्हैस असेल, काहीही असेल. पण वेग कमी झाला नाही, तर गाडी नक्कीच वळली नाही. दर चौकात डावीकडे, उजवीकडे आणि सरळ असे तीन पर्याय धरले, तर दहा चौकांत ५९,०४९ वाटा होतात. घरापासून ८०० मीटरवर चौक आहे आणि तो गाडीने ताशी ५० ने ओलांडला असेल, तर त्या चौकातल्या दोन फांद्या तिथल्या तिथे छाटल्या गेल्या, त्यांच्या पुढच्या हजारो पोटफांद्यांसकट. उलट, एखादी वाट जिथे कोपऱ्यावर वळते तिथेच वेग पडलेला दिसला, तर ती वाट टिकली. अंतराच्या मोजणीत थोडी चूक साचतच जाते. टायरमधली हवा, लेन बदलणं, वेगाचं आकड्यांत झालेलं पूर्णांकन. म्हणून ती अंतराची दोरी ताठ न धरता रबरासारखी धरायची: थोडी ताणायची, थोडी आखडू द्यायची आणि प्रत्येक खात्रीच्या वळणाला नकाशावर टाचणी मारायची. टाचणी मारली की मागची चूक शून्य, पुढची मोजणी नव्याने. सगळ्या फेऱ्या अशा सापडत नाहीत. पण रोजची फेरी चुकली तरी बिघडत नाही, कारण उद्या तुम्ही पुन्हा त्याच वाटेने जाणार असता.

विजेची गाडी तर याहून बोलकी. १,८०० किलोची गाडी १०० मीटर वर चढवायला १८०० × ९.८ × १०० म्हणजे साधारण १७.६ लाख जूल लागतात, म्हणजे जवळपास अर्धा युनिट. सपाटीवर हा जास्तीचा खर्च होत नाही, आणि उतारावर त्यातला काही भाग बॅटरीत परत येतो. वेगाच्या नोंदीशेजारी बॅटरीची नोंद ठेवली, की उरलेल्या वाटांतल्या चढ-उतार न जुळणाऱ्या वाटाही गळतात.

‘आम्ही नाव काढून टाकतो, डेटा निनावी असतो’ हे ऐकूनही मी निर्धास्त होत नाही. २०१३ साली १५ लाख माणसांच्या मोबाइलच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कुठे आणि किती वाजता, असे फक्त चार ठिपके घेतले तरी ९५ टक्के माणसांचा माग इतर सगळ्यांपासून वेगळा ओळखू येत होता. गाडी रात्री जिथे उभी असते ते घर आणि दिवसा जिथे उभी असते ती कचेरी, एवढ्यानेच अर्धं काम होतं.

डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन गटाच्या सॉफ्टवेअर कंपनीचा असाच डेटाचा साठा इंटरनेटवर उघडा सापडला. जर्मनीतल्या ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’ या हॅकरांच्या संघटनेने आणि ‘डेर श्पीगल’ साप्ताहिकाने तो उजेडात आणला. सुमारे ८ लाख विजेच्या गाड्या, त्यांतल्या साधारण ४ लाख ६० हजारांचा ठावठिकाणा. यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. फोक्सवॅगन आणि सियाटच्या गाड्यांची ठिकाणं १० सेंटिमीटरपर्यंत अचूक होती, ऑडी आणि स्कोडाची मात्र १० किलोमीटरपर्यंतच. आता भूगोलाचं पुस्तक काढा. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांशचिन्हापुढे एकच अंक ठेवला तर अचूकता ११ किलोमीटर. सहा अंक ठेवले तर ११ सेंटिमीटर. दोन्हींत फरक पाच अंकांचा. एकाच गटात, विजेच्याच गाड्या, त्यातल्या काहींच्या मालकांचं गॅरेज दिसत होतं आणि काहींचं नुसतं शहर. कंपनीचं म्हणणं, हा डेटा बॅटरी आणि चार्जिंग सुधारण्यासाठी होता. बॅटरीला हवामान आणि चढ-उतार कळले तर उपयोग आहे. गाडी झाडाच्या डाव्या अंगाला उभी की उजव्या, याने तिच्या रसायनात काय फरक पडतो?

म्हणून मी माझ्या गाडीच्या कंपनीला लिहिलं. लोकेशन पाठवायचंच असेल तर दशांशचिन्हापुढे एकच अंक ठेवून पाठवण्याचा पर्याय द्या, एका ओळीचं काम आहे. तीन दिवसांनी उत्तर आलं. माझी सूचना नोंदवून घेतली होती, आणि उत्तम अनुभवासाठी गाडीतलं सॉफ्टवेअर नेहमी ताजं ठेवा, असं खाली लिहिलं होतं.