मनोऱ्याच्या पोटात बारा खोल्या

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराजवळ एव्हन नदीच्या खोल घळीवर क्लिफ्टनचा झुलता पूल आहे. दोन मनोऱ्यांमधलं अंतर 214 मीटर, भरतीच्या पाण्यापासून उंची साधारण 76 मीटर. मनोरे दगडी, दोन टोकांना दोन. त्यांतला ली वुड्सच्या बाजूचा मनोरा थेट कड्यावर उभा नाही. त्याच्याखाली तांबड्या वालुकाश्माने मढवलेला सुमारे 34 मीटर उंचीचा प्रचंड चौथरा आहे. हा चौथरा आतून भरीव आहे, असंच सगळे धरून चालले होते. आतल्या रचनेचा एकही नकाशा हाताशी नव्हता.

2002 साली चौथऱ्यात शिरायची वाट सापडली आणि आत चक्क बारा दालनं निघाली! कमानदार छताची, काही तर 11 मीटर उंच, म्हणजे तीन मजली घर मावेल एवढी. अरुंद विहिरींसारख्या वाटांनी आणि बोगद्यांनी एकमेकांना जोडलेली. एकशे पस्तीसहून जास्त वर्षं लोक या पोकळीच्या डोक्यावरून ये-जा करत होते.

एवढं ओझं पेलणारा चौथरा पोकळ ठेवायचं धाडस पुलाचा अभियंता इझमबार्ड ब्रुनेल याने कशाच्या जोरावर केलं? मांडवाचा खांब आठवा. दोरी खांबाच्या शेंड्याला बांधून एकाच बाजूने ओढली तर खांब कलंडतो. तीच दोरी शेंड्यावरून पलीकडे नेऊन जमिनीतल्या खुंटीला ताणून बांधली, की दोन्हीकडची ओढ एकमेकींना तोलते आणि खांबाला फक्त खाली दाब सोसावा लागतो. क्लिफ्टनला हेच आहे. घडीव लोखंडाच्या साखळ्या, एकेका बाजूला तीन, मनोऱ्यावरून जाऊन पलीकडे जमिनीखाली खोलवर रोवल्या आहेत. माथ्यावर त्या ज्या खोगिरांवर टेकतात, त्यांच्याखाली रूळ आहेत. पुलावर ओझं आलं की खोगीर किंचित सरकतं, त्यामुळे मनोऱ्याला आडवा हिसका बसत नाही.

उरतो तो सरळ खाली जाणारा भार. दगड ओढला तर लवकर तुटतो, पण दाब सोसण्यात पटाईत. जाड भिंती आणि त्यांना जोडणाऱ्या कमानी एवढ्यावर तो भार पायापर्यंत पोचतो. मधली जागा भरायची म्हणजे नुसता दगड आणि पैसा ओतायचा, आणि पैशांचीच तर चणचण होती. या बाजूची कोनशिला 1836 मध्ये बसली, 1843 मध्ये पैसे संपले, आणि पूल खुला झाला तो 8 डिसेंबर 1864 रोजी. ब्रुनेल 1859 मध्येच वारला होता. त्याच्याच लंडनमधल्या हंगरफोर्ड पुलाच्या साखळ्या उतरवून इथे लावल्या गेल्या, हे मला फार हृद्य वाटतं.

या दालनांच्या छतांना बारीक पांढऱ्या नळ्या लोंबताना दिसल्या. कागदी स्ट्रॉसारख्या, आतून पोकळ. जुन्या दगडी पुलाच्या कमानीखाली आपल्याकडेही पांढरे ओघळ दिसतात, त्यांचीच ही भावंडं. पावसाचं पाणी दगडांच्या सांध्यांतून झिरपताना तिथला चुना विरघळवून घेतं. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ व्हायची ना? फुंकरीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्यात न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट तयार व्हायचं. छताला लटकलेला थेंब हेच करतो, फक्त फुंकर हवेची. थेंबाच्या कडेला पांढरं कडं बसतं, थेंब गळतो, पुढचा थेंब त्याच कड्यातून उतरतो आणि नळी केसभर वाढते.

चुनखडीच्या गुहेत रसायन उलटं चालतं. तिथे थेंबातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि पाण्यात चुनाही फार थोडा असतो. म्हणून तिथल्या लवणस्तंभांना हजारो वर्षं लागतात. विझवलेला चुना पाण्यात त्याहून कितीतरी जास्त विरघळतो. त्यामुळे क्लिफ्टनच्या अंधारात या नळ्यांना वाढायला दीडशेएक वर्षं पुरली.